तिसरी चूल

आमचा जिल्हा नकाशावर शोधायला बोट लागतं, आणि बोट ठेवलं की जिल्हा बोटाखाली झाकून जातो. दोन डोंगररांगा, मधून एक नदी, नदीच्या कडेकडेने एक रस्ता, आणि रस्ता संपतो तिथे जिल्ह्याचं शहर. त्याला शहर म्हणायचं ते केवळ तिथे कोर्ट आणि दवाखाना आहे म्हणून. शाळेच्या पुस्तकात आमच्याबद्दल चार ओळी आहेत. जमीन डोंगराळ, हवा कोरडी, वस्ती विरळ, लोक कष्टाळू आणि शांत. ज्याने हे लिहिलं तो आमच्या गावात एक दिवस जरी मुक्कामाला राहिला असता, तरी 'शांत' हा शब्द खोडून मगच गेला असता.

नदीकाठी खालचं गाव आणि चढावर आमचं, वरचं गाव. खालच्यांकडे काळी माती, सपाट वाटा आणि आमच्या तिप्पट माणसं. आमच्याकडे दगड, वारा आणि झरा. झऱ्याला बारा महिने पाणी असतं आणि तो आमच्या हद्दीत आहे, हे खालच्यांना कधीच सहन झालेलं नाही. ते आम्हाला दगडे म्हणतात, आम्ही त्यांना बेडूक म्हणतो. रस्त्यात समोरासमोर आलो तर दोघंही दुसरीकडे बघत निघून जातो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मी या गावची आत्या. म्हणजे खरी दोघांचीच, पण सगळं गाव मला आत्याच म्हणतं. तरुणपणी मी नवऱ्याकडून परत आले. लोक सांगताना 'टाकलेली' म्हणतात. ते चूक आहे, टाकलं मी त्याला. भाऊ म्हणाला, ये, घर तुझंच आहे. वहिनी सतत आजारी असायची, मुलं लहान होती, चूल माझ्या हातात आली ती आलीच. वहिनी गेली, पुढे भाऊही गेला. थोरला आणि धाकटा माझ्या हातचं खाऊन दाराएवढे उंच झाले. त्यांची लग्नंही मीच जमवली, आणि त्या वेळी माझे डोळे कुठे गहाण पडले होते कोण जाणे.

तर यंदा जिल्ह्यातून हुकूम आला. माणसं मोजायची होती, आणि मोजल्यावर ज्या गावात शंभर घरं भरणार नाहीत ते गाव शेजारच्या गावात मिसळून टाकायचं होतं. इतक्या छोट्या जिल्ह्याला इतकी गावं परवडत नाहीत, असं वर कुणाला तरी वाटलं होतं.

आमच्या गावप्रमुखाला आम्ही भोंगा म्हणतो, कारण त्याला हळू बोलता येत नाही. त्याने सगळ्यांना शाळेच्या पटांगणात गोळा केलं.

"शंभर नाही भरली तर आपण बेडकांत जमा," तो म्हणाला. "मग झऱ्याला कुलूप त्यांचं आणि किल्लीही त्यांची. बायांनो, हंडा घेऊन खाली जायचं आणि त्यांच्या दारात उभं राहायचं, जमेल का?"

"आपली आहेत किती?" कुणीतरी विचारलं.

"सत्तरच्या वर थोडी."

"मग आता काय, उरलेली जन्माला घालायची?"

भोंग्याने याचा विचार करून ठेवला होता. मोजणीच्या नियमात घर म्हणजे छप्पर नाही, घर म्हणजे चूल. एका चुलीवर जितके जेवतात तितक्यांचं एक घर. एका छपराखाली दोन चुली पेटत असतील तर ती दोन घरं. मोजणीवाली स्वतः येऊन चूल बघते, ऊन आहे का बघते आणि मगच लिहून घेते.

"लग्नं लावून घरं वाढवायला वेळ नाही," भोंगा म्हणाला. "म्हणून भांडणं लावून वाढवायची. ज्या ज्या घरात दोन भाऊ आहेत, बाप-लेक आहेत, त्यांनी वेगळं व्हायचं. मोजणी झाली की परत एक."

यात अवघड काय आहे, असंच सगळ्यांना वाटलं. भांडणाची आमच्याकडे कधीच टंचाई नव्हती. फक्त आजवर ती फुकट वाया जात होती.

मग सगळे माझ्याकडे धावले. गॅसची गाडी आमचा चढ चढत नाही, त्यामुळे निम्मं गाव अजून मातीच्या चुलीवर रांधतं, आणि धूर घरात न सोडणारी चूल मला घालता येते. गावात दुसऱ्या कुणाला येत नाही असं नाही, पण त्यांच्या चुलींपुढे बसलं की डोळ्यांतून पाणी येतं. मी माती मळली, भुसा घातला, एकेका घरात बसून चुली घातल्या. तळहातांची सालं निघाली. नवी चूल लगेच ओळखू येते म्हणून ती तापवून तापवून काळी करायची, वर तेलाचा हात फिरवायचा, आजूबाजूची भिंत धुराने खराब करायची. लोक आपापल्या स्वच्छ भिंती हौसेने खराब करत होते. आजारी असल्यासारखं सगळं गाव रात्रंदिवस धुरात खोकत होतं.

भोंगा घरोघर जाऊन भांडणांची तालीम घेत होता. मोजणीवाली विचारणार, कशावरून वेगळे झालात, तर प्रत्येकाकडे कारण तयार हवं. एकाने रेडिओवरून भांडायचं ठरवलं, एकाने बायकोच्या माहेरावरून. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या नवरा-बायकोलाही वेगळं व्हायचं होतं. भोंगा म्हणाला, नवरा-बायकोच्या दोन चुली चालत नाहीत, तर म्हातारी हिरमुसली. म्हणाली, एवढी चांगली संधी आली होती.

आमच्या घरी कारण ठरलं पेरूच्या झाडाचं. अंगणातला पेरू थोरल्याने स्वतःचा म्हटला, धाकट्याला राग आला, वाटणी झाली. थोरल्याला नाटक येत नाही. शाळेत एकदा त्याला झाड केलं होतं, आणि झाड म्हणूनही तो खोटा वाटला होता. "आम्ही दोघे भाऊ पेरूच्या झाडावरून वेगळे झालो," हे एक वाक्य तो पाढे म्हटल्यासारखं म्हणायचा आणि म्हणताना छताकडे बघायचा. भोंग्याने कपाळावर हात मारला.

जुनी चूल थोरल्याकडे राहिली. धाकट्यासाठी नवी मी माझ्याच खोलीत घातली, कारण दुसरी खोली नव्हती. मधल्या दारात कपाट आडवं लावून वाट बंद केली. माझं अंथरूण ओसरीवर आलं. थोड्या दिवसांचा तर प्रश्न, असं धाकट्याची बायको, म्हणजे धाकटी, म्हणाली. मीही तेच म्हणाले. मला तेव्हा मजा वाटत होती. सगळं गाव बेडकांना फसवायला निघालं होतं आणि त्यात निम्म्या चुली माझ्या हातच्या होत्या. इतकी किंमत मला आयुष्यात कुणी दिली नव्हती.

मोजणीवाली बाई आमच्याकडे पोचली तेव्हा दुपार झाली होती. घामाघूम, चपलेत खडा गेलेला, आणि सकाळपासून घरोघरची भांडणं ऐकून कान किटलेले. पण स्वभावाने बरी वाटली. भोंगा तिच्या मागे, आणि भोंग्याच्या मागे आमची आळी, कारण आपापलं नाटक उरकून लोक आता दुसऱ्यांचं बघायला मोकळे झाले होते.

ती आधी थोरल्याच्या बाजूला गेली. चुलीवर पातेलं होतं. तिने हात धरून ऊब बघितली.

"केव्हा वेगळे झालात?"

"आम्ही दोघे भाऊ पेरूच्या झाडावरून वेगळे झालो," थोरला छताला म्हणाला.

"मी केव्हा विचारलं."

"मागच्याच्या मागच्या वर्षी," थोरलीने सांभाळून घेतलं.

"या चुलीवर जेवतात किती जण?"

"मी, ही आणि दोन मुलं. चार."

"आणि या?" तिने पेन्सिल माझ्याकडे केली. मी उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसले होते.

"ती धाकट्याकडे," थोरला म्हणाला.

असं ठरलंय तर, मी मनात म्हटलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मला कोण काय सांगतं? मोजणीवाली ओसरीवरून वळसा घालून धाकट्याच्या दाराशी गेली. तिथेही चूल, तिथेही पातेलं, मांडीवर तान्हं बाळ.

"मी, बायको, बाळ. तीन," धाकटा म्हणाला.

"आणि आत्या?"

"ती थोरल्याकडे."

मोजणीवालीला हसू आलं. "अहो, मग या मधल्यामध्ये गेल्या कुठे?"

पेरूचं झाड ठरलं होतं, साल ठरलं होतं, कपाटात कुणाची भांडी कुठल्या फळीवर तेसुद्धा ठरलं होतं. फक्त मी कुणाची, हे ठरवायचं राहून गेलं होतं. चूक एवढीशीच. 'हो, आमच्याकडे' एवढे दोन शब्द कुणीही म्हटले असते तर पेन्सिल पुढे सरकली असती आणि मी माझे तांदूळ निवडत बसले असते. मी वाट बघत होते. कपाटाच्या अलीकडे थोरली नखं बघत होती, पलीकडे धाकटीने बाळाला उगाच थोपटायला घेतलं.

"आमची खोली ती केवढीशी," शेवटी धाकटी म्हणाली. "त्यात बाळ. आत्या पहिल्यापासून थोरल्यांकडेच असतात."

"पहिल्यापासून आमच्याकडे म्हणून जन्मभर आमच्याकडेच का?" थोरली कपाटाआडून बोलली. "वाटणी झाली ना? मग सगळ्याचीच होऊ दे."

"झाड तुम्ही घेतलंत, जुनी चूल तुम्ही घेतलीत," धाकटा म्हणाला. "आत्या पण घ्या."

"झाडाला पेरू तरी लागतात," थोरला म्हणाला.

दारातलं कुणीतरी फिस्सकन हसलं. थोरल्याला तेवढं पुरलं. तो ओसरीवर आला, धाकट्याच्या दाराकडे हात करकरून बोलायला लागला. "उद्या ही अंथरुणाला खिळली तर कुणी काढायचं? मी एकट्याने मक्ता घेतलाय का? बापाने आणून ठेवली, बाप गेला. आता तिची निम्मी निम्मी वाटणी होत नाही, तर तू ठेव. मी आजवर सांभाळली, बस झालं."

भोंग्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं होतं. त्याच्या मते सकाळपासूनचं हे सगळ्यात झकास भांडण होतं. तो माझ्याकडे बघून हळूच मान डोलावत होता, म्हणजे बघा, पोरगं शेवटी शिकलं.

पण मी थोरल्याला लहानाचं मोठं केलंय. त्याला नाटक येत नाही. हे तो एकदाही न अडखळता बोलला, छताकडे न बघता बोलला. हे त्याच्याकडे आधीपासून तयार होतं. बहुधा रात्री कुजबुजून कुजबुजून पाठ झालेलं होतं, आणि आज त्याला मोठ्याने म्हणायला परवानगी मिळाली होती.

मला राग आला. दुःखही झालं असेल, पण आधी राग आला आणि त्याने बाकी कशाला जागाच ठेवली नाही. ज्या तोंडात मी घास भरवले ते तोंड त्या क्षणी एका फटक्यात बंद करावंसं वाटलं. मी तांदळाचं ताट उचललं आणि उठले.

"बाई," मी मोजणीवालीला म्हणाले, "तिसरी चूल लिहा."

"तिसरी?"

"या, दाखवते."

अंगणाच्या कडेला शेळ्यांचा गोठा आहे. त्याच्या आडोशाला तीन दगड मांडलेले असतात, तिथे आम्ही शेळ्यांसाठी कोंडा उकडतो. सकाळचा विस्तव राखेखाली अजून जागा होता. मी फुंकर मारली, काटक्या सारल्या, कोंड्याचं पातेलं उतरवून बाजूला ठेवलं, दुसऱ्या भांड्यात तांदूळ वैरले, पाणी ओतलं आणि भांडं दगडांवर ठेवलं. सगळी आळी माझ्यामागून अंगणात आली होती.

"इथे जनावरांचं शिजतं ना?" मोजणीवाली म्हणाली.

"आजपासून माझंही."

"आत्या, मला खोटं लिहिता येत नाही."

"सकाळपासून दुसरं काय लिहिलंत?" मी म्हणाले. "ही एवढी एकच खरी आहे."

भोंग्याला ठसका लागला. तो अंगणभर खोकत सुटला. मोजणीवालीने माझ्याकडे बघितलं, दगडांकडे बघितलं, माझ्या सोललेल्या हातांकडे बघितलं. तिला सगळं केव्हाच कळलेलं होतं, हे तेव्हा मला समजलं.

"मी चुली मोजते," ती म्हणाली. "भांडणं मोजत नाही." आणि तिने लिहून घेतलं. कुटुंबप्रमुख मी, माणसं एक.

गावाचं काम फत्ते झालं. शंभराच्या वर थोड्या चुली भरल्या, वरचं गाव वरच राहिलं. लोकांनी आडवी कपाटं सरळ केली, पडदे काढले, रेडिओवरून भांडलेले भाऊ एका रेडिओपुढे येऊन बसले. नव्या चुलींत कोंबड्या अंडी घालायला लागल्या. आमच्या घरातलंही कपाट हललं आणि दोघी जावा जुन्या चुलीपुढे आल्या. मी गोठ्याच्या पुढच्या पडवीत अंथरूण टाकलं आणि तिथेच राहिले.

एकटीपुरता स्वयंपाक मला येत नव्हता. हात सवयीने घरभराचा भात टाकायचा. उरलेला मी शेळ्यांना घालायचे, आणि तो थोरलीच्या खिडकीतून नीट दिसेल अशा जागी घालायचे. एकदा तिने बघितलं आणि खिडकी लावून घेतली. त्या दिवशी मला अन्न गोड लागलं.

थोड्याच दिवसांत त्यांना माझी आठवण यायला लागली. शेळ्या थोरलीला दूध देईनात. बाळ धाकटीजवळ झोपेना. चूल धूर करायला लागली, कारण तिची राख कशी काढायची हे विचारण्याइतकाही वेळ दोघींना कधी झाला नव्हता. मग थोरला आला. अंगणात उभा राहून पायाने माती उकरत राहिला.

"आत्या, पुरे आता. चल घरात. लोक हसतात."

"लोक हसतात म्हणून बोलवायला आलास?"

"तसं नाही गं. त्या दिवशीचं ते... नाटकच होतं ना सगळं."

"नाटक होतं तर ज्यांच्यासमोर केलंस त्यांच्यासमोर तसं सांग," मी म्हणाले. "भोंगा होता, मोजणीवाली होती, अख्खी आळी होती. त्यांना गोळा कर आणि म्हण, आत्या आमची आहे. बाकी काही नको. माफी नको, पाया पडणं नको. एवढं म्हण, मी भांडी उचलून आत येते."

"म्हणतो की," थोरला म्हणाला. "त्यात काय. म्हणतो एकदा."

ते 'एकदा' काही उजाडेना. बाजाराच्या दिवशी म्हणतो, भोंगा शहरातून आला की म्हणतो, जरा कामं उरकली की म्हणतो. मी काही विचारत नव्हते. पण मला आत जायचं होतं, हे स्पष्टच सांगते. पडवीत वारा हाडांत शिरायचा आणि शेळ्यांशी किती बोलणार? त्या घरात माझं सगळं आयुष्य गेलं होतं. थोरल्याने दारात उभं राहून चार माणसांत दोन शब्द म्हटले असते तर मी सगळं गिळलं असतं, पेरूसकट. रोज संध्याकाळी अंगणात पाऊल वाजलं की मला वाटायचं, आज म्हणेल. आणि तो शेळ्यांना पाला टाकून निघून जायचा.

मग बेडकांनी जिल्ह्यात तक्रार केली. वरच्या गावाने खोट्या चुली पेटवून सरकारला फसवलं, फेरतपासणी करा. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, त्यामुळे आमच्या लोकांना भयंकर संताप आला. भोंग्याला आदल्या दिवशी सुगावा लागला. तो आळीआळीतून ओरडत फिरला. कोंबड्या हाकलल्या, कपाटं पुन्हा आडवी झाली, भाऊ पुन्हा वेगळे झाले. या वेळी तालमीला वेळ नव्हता, म्हणून लोक जे मनात येईल त्यावरून भांडले, आणि त्यातली दोन-चार भांडणं अजून मिटलेली नाहीत.

तपासनीस सर्दी झालेला, हडकुळा माणूस होता. मोजणीवाली त्याच्यासोबत होती, पण मान खाली घालून. तो चुलीला हात लावून थांबत नव्हता. राखेत बोट घालायचा, भांड्याचं बूड खरवडायचा, पोरांना विचारायचा, काल काय जेवलात आणि कुठे बसून. एका चुलीत त्याला अंडं सापडलं. ती चूल त्याने तिथल्या तिथे यादीतून कापली. अशा आणखी काही कापल्या. भोंगा मागून बोटांवर मोजत चालला होता आणि त्याचा रंग उतरत चालला होता.

आमचं घर सगळ्यात शेवटी. थोरल्याची चूल अर्थातच पास झाली. धाकट्याच्या चुलीवर बाळाचं दूध तापत होतं, ती पास झाली. मग तपासनीस अंगणात माझ्यासमोर आला. त्याच्यामागे गाव. सगळं गाव, कारण बाकी कुठे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"एकटी बाई," तो नाक पुसत म्हणाला. "शेळ्यांच्या गोठ्याशी. भाचे समोरच्या घरात. अशी चूल हमखास खोटी असते. मी इतकी गावं बघितलीत."

"राखेत बोट घालून बघा," मी म्हणाले.

"राख काय, कुणीही करतं." तो थोरल्याकडे वळला. "तुम्ही सांगा. खरं सांगा, शिक्षा वगैरे काही नाही. या बाई तुमच्यातल्या आहेत का? असतील तर ही चूल कापतो आणि तुमच्या घरात एक माणूस वाढवतो. विषय संपला."

मी थोरल्याला गोळा करायला सांगितलेली सगळी माणसं सरकारने आयतीच आणून उभी केली होती. भोंगा होता, मोजणीवाली होती, आळी होती. दोघी सुना दारात होत्या. प्रश्नही तोच होता आणि त्याला हवं असलेलं उत्तरही तयार होतं. हो, आमची आहे. मला झऱ्याची आठवण राहिली नाही. बेडकांनी झरा तळापासून पिऊन टाकला असता तरी त्या क्षणी मला चाललं असतं. खोटी आहे साहेब, कापा, असं तो म्हणाला असता तर मी स्वतः भांड्यातलं पाणी त्या विस्तवावर ओतलं असतं.

थोरल्याने माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, कितीतरी दिवसांनी. तो म्हणणार होता. मला त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं, लहानपणी काहीतरी फोडून आल्यावर कबूल करायच्या आधी दिसायचं तसं. त्याने तोंड उघडलं.

मागून भोंगा बोलला. आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. "शंभर," तो म्हणाला. "बरोबर शंभर उरल्यात."

थोरल्याचं तोंड तसंच राहिलं. त्याने भोंग्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"नाहीत साहेब," तो म्हणाला. "आमच्यातल्या नाहीत त्या. आम्हीच नको म्हणालो त्यांना. दोघांनीही."

जन्मात त्याने मला कधी 'त्या' म्हटलं नव्हतं. तो खरं बोलत होता की गावासाठी बोलत होता, हे ओळखायला मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. दोन्हींत मला काही फरक उरला नव्हता.

"म्हणजे खरोखरच हाकललंत," तपासनीस म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा तिरस्कार होता, आणि तो थोरल्याने खाली मान घालून घेतला. "मग राहू दे." त्याने खूण केली, पेन खिशात लावलं आणि शिंकत शिंकत फाटकाकडे निघाला. मोजणीवाली क्षणभर माझ्यापुढे रेंगाळली. मी चुलीत काटकी सारली, तशी तीही गेली.

मग अंगणात एकच गलका झाला. भोंग्याचा आवाज परत आला. त्याने थोरल्याच्या पाठीवर थाप मारली, काय निभावलंस म्हणाला, आणि सगळ्यांना बजावलं, हा पुन्हा न सांगता टपकेल, या वेळी एकही चूल मोडायची नाही. कुणीतरी खालच्या गावाकडे तोंड करून बेडकासारखं डरांव डरांव केलं, बाकीचे हसले. गाव वाचलं होतं, झरा वाचला होता. थोरली आतून सगळ्यांना पाणी घेऊन आली. माझ्यापुढेही तिने तांब्या धरला. मी घेतला नाही, तेव्हा तिने तो खाली ठेवला आणि दुसऱ्यांकडे वळली. माझ्या भाताचा तळ लागला होता, त्याचा वास अंगणभर पसरला, पण तो कुणाला आला नाही.

सगळे गेल्यावर थोरला आला. या वेळी माती उकरली नाही. माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"आत्या, गावासाठी बोललो गं. तुला कळलं ना?"

"कळलं."

"राग नाही ना?"

"आहे."

"असू दे. तो जाईल." त्याने माझं भांडं उचलायला हात पुढे केला. "चल, आत चल आता. तो गेला. सगळे गेले. आता कोण बघतंय."

"कशी येऊ?" मी म्हणाले. "मी आत आले की नव्व्याण्णव."

तो हात तसाच धरून बसला. मी थांबले होते. अजूनही थांबले होते, त्याची मला लाज वाटते. नव्व्याण्णव तर नव्व्याण्णव, असं म्हणायला त्याला पुष्कळ वेळ होता. त्याने फाटकाकडे बघितलं, झऱ्याच्या वाटेकडे बघितलं, आणि मग सावकाश मान हलवली, कारण हिशेब बरोबर होता.